भागीदारी देताय? आधी ब्लॅकबर्न आणि रेक्सहॅमची गोष्ट वाचा



गेल्या बॅचमध्ये एका ताईंनी प्रश्न विचारला. त्यांचा पापड-मसाल्यांचा घरगुती व्यवसाय आहे, चार वर्षं झाली. आता दळणाचं मोठं यंत्र घ्यायचंय. एक नातेवाईक पाच लाख द्यायला तयार आहेत, पण निम्मी भागीदारी मागतायत. "सर, देऊ का?"

मी लगेच हो-नाही म्हटलं नाही. त्यांना दोन फुटबॉल क्लबांची गोष्ट सांगितली. तुम्ही म्हणाल, पापडाचा आणि फुटबॉलचा काय संबंध? आहे. शेवटपर्यंत वाचा.

आधी प्रमोशन म्हणजे काय ते बघू

आपल्या आयपीएलमध्ये शेवटच्या नंबरावर आलेली टीम पुढच्या वर्षी पुन्हा आयपीएलमध्येच असते. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तसं नाही. तिथे लीगची उतरंड आहे. सगळ्यात वर प्रीमियर लीग, तिच्याखाली चॅम्पियनशिप, मग लीग वन, लीग टू, नॅशनल लीग. चांगलं खेळलात तर वर जाल, म्हणजे प्रमोशन. खराब खेळलात तर खाली. वर गेलं की टीव्हीचा पैसा कैक पटींनी वाढतो, खाली आलं की आटतो. त्यामुळे चाहत्यांचा जीव प्रमोशनमध्ये अडकलेला असतो. क्लब कोणी विकत घेतला की त्यांचा पहिला प्रश्न हाच, "आम्ही वर जाणार का?"

पुण्याचे मालक, इंग्लंडचा क्लब

ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १८७५ साली स्थापन झालेला क्लब. जॅक वॉकर नावाच्या स्थानिक पोलाद उद्योजकाने त्यात पैसा ओतला आणि १९९४-९५ मध्ये या छोट्या गावच्या क्लबने थेट प्रीमियर लीग जिंकली. वॉकर २००० साली गेले. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांच्या ट्रस्टकडून क्लब विकत घेतला आपल्या पुण्याच्या व्यंकीज समूहाने. होय, तेच कोंबडी-अंड्यांच्या व्यवसायातले. २.३ कोटी पौंडांत ९९.९ टक्के शेअर्स, शिवाय क्लबवरचं कर्ज वेगळं.

म्हणजे कागदावर जवळजवळ सगळा क्लब त्यांचा. पुढच्याच महिन्यात अनुभवी मॅनेजर सॅम अलार्डाइस यांना काढलं आणि स्टीव्ह कीन यांना आणलं. चाहत्यांना ते पटलं नाही. मे २०१२ मध्ये घरच्या मैदानावर विगनकडून हरून क्लब प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. त्या सामन्यात क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली गेली. मालकांना द्यायचा निरोप त्यातून पोचला.

पुढच्या हंगामात तर मॅनेजर येत होते आणि जात होते. हेनिंग बर्ग ५७ दिवस टिकले, मायकेल अ‍ॅपलटन ६७ दिवस. २०१७ मध्ये क्लब लीग वनमध्ये घसरला. २०१८ मध्ये लगेच चॅम्पियनशिपमध्ये परत आला, पण प्रीमियर लीग काही हाती लागली नाही. २०२२-२३ मध्ये सहाव्या आणि सातव्या क्लबचे गुण सारखेच होते, ६९. सहाव्याला प्रमोशनच्या प्ले-ऑफमध्ये जागा. गोलफरकावर सातवा आला तो ब्लॅकबर्न!

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मालक पळून गेले नाहीत. बहुतेक वर्षी क्लबला तोटा झाला आणि तो त्यांनीच भरला. तरी चाहते नाराज का? कारण पैसा येत होता, पण निर्णय कोण घेतंय, कशासाठी घेतंय, हे त्यांना कळत नव्हतं. शेअर्स विकत मिळतात. गिऱ्हाइकाचा विश्वास त्या सौद्यात येत नाही, तो वेगळा कमवावा लागतो.

रेक्सहॅमने काय वेगळं केलं?

वेल्समधला रेक्सहॅम क्लब २००८ मध्ये पाचव्या पायरीवर घसरला होता. २०११ मध्ये चाहत्यांच्या ट्रस्टने तो ताब्यात घेतला. म्हणजे गिऱ्हाईकच मालक! त्यांनी क्लब जगवला, पण वर जायला भांडवल पुरेना.

२०२० मध्ये रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकेल्हेनी हे दोन अभिनेते आले. त्यांनी आधी आपला प्रस्ताव सभासदांपुढे ठेवला: २० लाख पौंड क्लबमध्ये घालू, क्लब दुसरीकडे हलवणार नाही, नाव बदलणार नाही. मतदान झालं. ९८ टक्क्यांहून जास्त मतं बाजूने पडली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ताबा मिळाला आणि २०२३, २०२४, २०२५ अशी लागोपाठ तीन प्रमोशन मिळवत क्लब चॅम्पियनशिपमध्ये पोचला.

आता "मतदान घेतलं म्हणून प्रमोशन मिळालं" असं मी म्हणणार नाही. पैसा होता, दोघांची प्रसिद्धी होती, क्लबवरची डॉक्युमेंटरी मालिका जगभर बघितली गेली. पण सुरुवातीलाच काय बदलेल आणि काय बदलणार नाही हे ठरलं होतं. त्यामुळे पहिल्या हंगामांत प्रमोशन हुकलं तरी लोक सोबत राहिले.

पैशाचा हिस्सा वेगळा, मताचा हिस्सा वेगळा

जर्मनीत '५०+१' नावाचा नियम आहे. बाहेरचा गुंतवणूकदार पैसा कितीही घालो, निम्म्याहून जास्त मतं क्लबच्या सभासदांकडेच राहिली पाहिजेत. मोजके अपवाद आहेत, पण तत्त्व लक्षात ठेवा: नफ्यातला वाटा आणि निर्णयातला वाटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगवेगळ्या ठरवता येतात.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? थोडक्यात बघा.

१. भागीदारी संस्था (१९३२ चा कायदा): करारात काही ठरलं नसेल, तर नफा-तोटा समान वाटला जातो. तुम्ही चार वर्षं राबलात आणि समोरच्याने काल पैसे दिले, तरीही समान. शिवाय संस्थेच्या देण्याला प्रत्येक भागीदार स्वतःच्या मालमत्तेसकट जबाबदार.

२. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी: साधे ठराव निम्म्याहून जास्त मतांनी होतात. मोठ्या बदलांच्या विशेष ठरावाला ७५ टक्के मतं लागतात. म्हणजे कुणाला २६ टक्के दिले, तर असे ठराव तो अडवू शकतो.

३. पन्नास-पन्नास: ऐकायला न्याय्य वाटतं. पण दोघांचं पटलं नाही तर निर्णय कोणाचा? कोणाचाच नाही. दुकान तिथेच अडकतं.

आता ताईंचा हिशोब

पाच लाखांत निम्मा हिस्सा, म्हणजे पैसे आल्यानंतर व्यवसायाची किंमत धरली दहा लाख. त्यातले पाच लाख नातेवाइकांचे. मग ताईंची चार वर्षं, मसाल्याची पाककृती, बांधलेली गिऱ्हाइकं या सगळ्याची किंमत उरली पाच लाख. हे फळ्यावर लिहिलं तेव्हा वर्गात एकदम शांतता झाली.

मग आम्ही दुसरा आकडा मांडला. किंमत तीच, दहा लाख. पण दोन लाखांचा २० टक्के हिस्सा आणि उरलेले तीन लाख कर्ज म्हणून, हप्ते आणि व्याज लिहून. यंत्र तेवढंच येतं, निर्णय ताईंच्या हातात राहतो. ताईंनी हे नातेवाइकांना सांगितलं. ते जरा नाराज झाले, विचार करून कळवतो म्हणाले. कदाचित नाहीही म्हणतील. पण ही नाराजी आत्ता परवडते. दोन वर्षांनी, यंत्र आल्यावर, ती घरात भांडण आणि कोर्टात तारीख होऊन येते.

सही करण्याआधी चार प्रश्न

- हा पैसा कर्ज आहे की हिस्सा? दोन्ही असेल तर किती-किती?
- रोजचे निर्णय कोणाचे, आणि कोणत्या निर्णयाला दोघांची सही लागेल?
- कोणती गोष्ट अजिबात बदलायची नाही? नाव, चव, दर्जा, जागा?
- एकाला बाहेर पडायचं असेल तर हिस्सा कोण घेणार आणि किंमत कशी ठरणार?

उत्तरं आज एका कागदावर लिहा. समोरच्या माणसालाही वेगळी लिहायला सांगा, मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. जिथे जुळत नाहीत, तिथे आधी बोला. करारनामा वकिलाकडून करून घ्या, तो खर्च वाचवू नका.

गुंतवणूकदाराला नफ्याची आशा असते, गिऱ्हाइकाला चांगल्या मालाची, आणि तुम्हाला वर जायची. या तिन्ही आशा ज्या कागदावर एकत्र बसतात, त्याच कागदावर सही करा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा सांभाळा, हिशोब लिहा!