नवव्या दिवसाची ऊ

डोक्यातल्या उवा ओटीवर बसून काढल्या जातात. मुलगी पुढ्यात, आई मागे, हातात बारीक दातांची फणी आणि मांडीवर पांढरे फडके. येणारी-जाणारी शेजारीण थांबून कोणते औषध लावले ते विचारते. शाळेत कुणाच्या तरी डोक्यातून आल्या असतील, एवढ्यावर विषय मिटतो. याच किड्याची एक चुलत जात माणसाच्या जांघेतल्या केसांत राहते, आणि तिच्याबद्दल मात्र घरात कुणी कुणाशी बोलत नाही. नवरा बायकोला सांगत नाही, बायको डॉक्टरला सांगत नाही, तरुण मुलगा औषधाच्या दुकानात ‘खाजेचे काहीतरी’ मागून खाली मान घालून परततो. खरे तर दुखण्यांमध्ये हे अगदी किरकोळ आहे. नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते, दहा मिनिटे लावायच्या औषधाने आटोक्यात येते, आणि कपड्यांत राहणाऱ्या उवा जसा टायफस पसरवतात तसा कोणताही आजार या उवा पसरवत नाहीत. तरीही अनेकांच्या बाबतीत ते महिनोन्महिने रेंगाळते. माझ्या मते याचे कारण औषधात नाही. या उवांना औषधाचे बहुधा दोन हात लागतात आणि उपचार घेणारी निदान दोन माणसे लागतात. लाज या दोन्ही संख्या एकावर आणून ठेवते.

आधी त्या जीवाकडे नीट पाहू, कारण त्याच्याविषयीचे बहुतेक गैरसमज त्याच्या पायांकडे पाहिले तरी गळून पडतात. डोक्यातली ऊ लांबट आणि चपळ असते. जांघेतली ऊ दीड-दोन मिलिमीटरची, रुंद, चपटी, छोट्या खेकड्यासारखी दिसते. तिच्या मागच्या चार पायांना जाड आकडे असतात आणि ते जाड, राठ केसाभोवती घट्ट बसतात. जांघेतले केस डोक्यावरच्या केसांपेक्षा विरळ असतात, त्यांच्यातले अंतर या उवेच्या पसरलेल्या पायांना बरोबर पुरते. म्हणून ती काखेत, छातीवर, मांड्यांवर, दाढीत, कधी पापण्यांवरही सापडते, पण डोक्याच्या दाट केसांत सहसा नाही. तिचा पत्ता असा केसांच्या विरळपणावर ठरतो, माणसाच्या चारित्र्यावर नाही आणि आंघोळीवरही नाही. साबणपाण्याने ती निघत नाही, कारण तिची पकड पाण्याने सुटण्यातली नसते. रोज दोनदा आंघोळ करणाऱ्याला ती होते आणि आठवड्यातून एकदा करणाऱ्याला होत नाही, असे सहज घडू शकते. तिला एका माणसाच्या केसांवरून दुसऱ्याच्या केसांवर जाण्याइतकी जवळीक मिळाली की पुरे. उडता येत नाही, उडी मारता येत नाही आणि माणसाचे रक्त मिळाले नाही तर ती साधारण एक-दोन दिवसांत मरते. कुत्र्यामांजरांपासून ती येत नाही. सार्वजनिक शौचालयाच्या गुळगुळीत भांड्यावर तर तिचे आकडे टिकतच नाहीत, त्यामुळे ती सबब फार लोकप्रिय असली तरी तिला आधार नाही.

या जातीचा इतिहासही विचार करायला लावणारा आहे. आपल्या डोक्यातल्या उवेचे जवळचे नातेवाईक चिंपांझीच्या अंगावर आढळतात. जांघेतल्या उवेची सर्वांत जवळची नातेवाईक मात्र गोरिलाची ऊ आहे. फ्लोरिडातील संशोधक डेव्हिड रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या उवांच्या जनुकांची तुलना केली, तेव्हा या दोन जाती सुमारे ३० ते ४० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्याचे दिसले. माणूस आणि गोरिला यांचे पूर्वज त्याच्या कितीतरी आधी वेगळे झाले होते. म्हणजे ही ऊ वारशाने आली नाही, ती मध्येच कधीतरी गोरिलाच्या पूर्वजांकडून आपल्या पूर्वजांकडे आली. कशी आली? ऐकणाऱ्याच्या मनात पहिला येतो तो तर्क करण्याची गरज नाही, असे या संशोधकांचेच म्हणणे होते. गोरिलाने झोपून सोडलेल्या जागेत झोपणे किंवा त्याची शिकार करणे, एवढ्यानेही हे घडू शकते. लाखो वर्षांपूर्वीच्या उवेबद्दलसुद्धा आपण आधी आरोप ठरवतो आणि मग पुरावा शोधतो, हे इथे नोंदवून पुढे जातो.

उपचाराचा सगळा हिशेब या उवेच्या आयुष्यक्रमात आहे. मादी केसाच्या मुळाशी, त्वचेला लागून, एकेक अंडे चिकटवते. त्यालाच आपण लीख म्हणतो. साधारण सहा ते दहा दिवसांत लीख फुटते, पिल्लू तीनदा कात टाकते आणि दोन-तीन आठवड्यांत स्वतः अंडी घालू लागते. आता औषध पाहा. पर्मेथ्रिनचे १ टक्क्याचे लोशन जांघ, गुदद्वाराभोवतीचे केस, मांड्या, ओटीपोट आणि जिथे जिथे उवा दिसतील तिथे लावायचे, दहा मिनिटे ठेवायचे आणि धुऊन टाकायचे. चालत्या-फिरत्या उवा त्याने मरतात, पण लिखेच्या कवचाआड असलेला जीव प्रत्येक वेळी मरेलच असे नाही. पहिल्या दिवशी वाचलेली लीख आठव्या-नवव्या दिवशी फुटते आणि ज्याने ‘झाले एकदाचे’ म्हणून बाटली फेकून दिली, त्याला वाटते की औषध खोटे निघाले किंवा कुणाकडून तरी पुन्हा लागण झाली. म्हणून सात ते दहा दिवसांनी पुन्हा तपासायचे आणि जिवंत ऊ किंवा त्वचेलगत नवी लीख दिसली तर दुसरा हात द्यायचा. पहिल्या हातातून सुटलेल्या लिखांतून बाहेर आलेली पिल्ले तोवर अंडी घालण्याच्या वयात आलेली नसतात. त्यांना गाठायची वेळ हीच. मधल्या दिवसांत रोज रोज औषध चोळल्याने यात काही भर पडत नाही, कातडी मात्र सोलवटते. पर्मेथ्रिन चालत नसेल तर डॉक्टर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देतात, त्यांचाही दुसरा डोस सात ते चौदा दिवसांनी असतो, कारण लिखांपुढे त्यांचीही तीच अडचण. गरोदर स्त्रीसाठी पर्मेथ्रिनच पसंत करतात. वापरातले कपडे, टॉवेल, चादरी हाताला सोसणार नाही इतक्या गरम पाण्यात धुवायच्या. ज्या धुता येत नाहीत त्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे बाजूला ठेवायच्या. घरात फवारणी करायची अजिबात गरज नाही.

एक गोष्ट न सांगितल्यामुळे पुष्कळ जण नाहक औषध वाढवतात. उवा मेल्यानंतरही खाज काही दिवस, कधी आठवडा-दोन आठवडे राहते. ही खाज चाव्याने कमी आणि उवेच्या लाळेविरुद्ध शरीराने उठवलेल्या ॲलर्जीने जास्त येते. म्हणून पहिल्या लागणीत ती सुरू व्हायलाही वेळ लागतो आणि थांबायलाही. रिकाम्या लिखाही केसाला चिकटून राहतात. केस वाढेल तशी त्वचेपासून दूर गेलेली लीख बहुधा रिकामी असते. आतल्या कपड्यावर दिसणारे तांबूस-काळसर ठिपके आणि पोटावर, मांड्यांवर उमटणारे निळसर-करडे डाग ही मात्र ओळखण्याची चांगली खूण आहे. ऊ पाहताना खपलीसारखी किंवा तिळासारखी वाटते, कारण ती फारशी हलत नाही. भिंगातून पाहिली की पाय दिसतात.

आता ‘खाजेचे काहीतरी’ या मागणीकडे वळू, कारण खरे नुकसान तिथे होते. आपल्याकडे खाज म्हटली की स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि प्रतिजैविक एकत्र कालवलेली मलमे काउंटरवरून मिळतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये कितीतरी स्टेरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घातली. तरी ती मिळतातच. असे मलम लावले की खाज दबते, उवा जशाच्या तशा राहतात आणि जांघेतली नाजूक त्वचा पातळ होत जाते. खरजेसाठीचे ५ टक्क्यांचे पर्मेथ्रिन आणि उवांसाठीचे १ टक्क्याचे यांत गोंधळ होतो तोही याच घाईतून: खरजेचे मलम मानेपासून पायापर्यंत लावून आठ ते चौदा तास ठेवतात, उवांचे लोशन दहा मिनिटांत धुतात. याहून वाईट म्हणजे रॉकेल, ढेकणांचे औषध किंवा शेतावर फवारायचे कीटकनाशक. फेल्डमन आणि मायबाक या संशोधकांनी १९६७ मध्ये शरीराच्या निरनिराळ्या भागांची त्वचा हायड्रोकॉर्टिसोन किती शोषते ते मोजले. हाताच्या पुढच्या भागाच्या तुलनेत अंडकोषावरची त्वचा ते ४२ पट शोषत होती. ढेकणांचे औषध हातावर सांडले तर आपण धुऊन टाकतो. तेच जांघेत चोळणाऱ्याने हा ४२ चा आकडा लक्षात ठेवावा. पूर्वी डॉक्टरही सर्रास देत असलेले गॅमा बेन्झीन हेक्झाक्लोराइड म्हणजे लिंडेन, मज्जासंस्थेवरच्या दुष्परिणामांमुळे पहिल्या पसंतीचे औषध राहिलेले नाही. जुन्या बाटल्या घरात असतील तर त्यांचा मोह नको.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो निराधार नाही: केस काढून टाकले की प्रश्नच मिटला, मग एवढा खटाटोप कशाला? इंग्लंडमध्ये लीड्सच्या दोन डॉक्टरांनी २००६ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात असे सुचवले होते की तिथे वॅक्सिंगची चाल वाढली त्याच काळात या उवांचे रुग्ण घटत गेले, गनोरिया आणि क्लॅमिडिया मात्र वाढत होते. केसच नसतील तर उवेला घर नाही, हे तर्काला धरून आहे. पण आधीच उवा झालेल्या माणसाने वस्तरा फिरवणे ही वेगळी गोष्ट आहे. खाजवून सोललेल्या त्वचेवर वस्तरा चालवला की जखमांत जंतू शिरतात, आणि मांड्या, गुदद्वाराभोवतीचा भाग, छाती, काख यांवरचे केस बहुतेक वेळा राहूनच जातात. केस काढणे चालेल, औषधाऐवजी नाही. याच निरीक्षणातून आणखी एक गोष्ट निघते, तिच्याकडे दुर्लक्ष होते: उवा घटल्या म्हणजे लैंगिक आजार घटले असे नाही. कंडोमने या उवा अडत नाहीत आणि केस काढून गनोरिया अडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे. ही ऊ मुख्यतः लैंगिक संबंधातूनच येते, मग जोडीदाराला सांगा म्हणणे म्हणजे घर मोडा म्हणणेच नव्हे का? ती बहुधा शरीरसंबंधातून येते हे नाकारून कुणाला खोटा दिलासा देणे मला मान्य नाही. टॉवेल आणि अंथरुणातून येऊ शकते, पण ते क्वचित. तरीही उवेवरून नक्की किती सिद्ध होते? खाज उशिरा सुरू होते, काहींना फारशी होतच नाही, त्यामुळे पहिली तक्रार करणाऱ्यानेच ती आणली असे ठरत नाही. अनेकदा ज्याला आधी त्रास झाला त्याच्यावरच आळ येतो. उवेवरून फक्त जवळीक कळते, तारीख आणि नाव कळत नाही. आणि न सांगण्याची किंमत तर ठरलेलीच आहे. एकाने औषध लावले, दुसऱ्याच्या अंगावर लिखा तशाच राहिल्या, तर नवव्या दिवशी दोघेही पुन्हा तिथेच. म्हणून गेल्या महिन्याभरात ज्यांच्याशी संबंध आला त्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घेणे आणि उवा गेल्याची खात्री होईपर्यंत संबंध टाळणे, हा उपचाराचाच भाग आहे. भांडण करायचे असेल तर ते औषध लावून झाल्यावरही करता येते. डॉक्टर एचआयव्ही, सिफिलिस, गनोरिया, क्लॅमिडियाच्या तपासण्या सुचवतात तेव्हाही ते आरोप करत नसतात. ज्या वाटेने ऊ आली त्याच वाटेने हे आजारही येतात आणि ते खाजत नाहीत. शासकीय रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये ही तपासणी आणि समुपदेशन मोफत आहे. तिथल्या सात रंगांच्या औषधपाकिटांत उवांसाठी पाकीट नाही, डॉक्टरला त्यांचे औषध वेगळे लिहून द्यावे लागते. त्यामुळे तक्रार शब्दांत सांगणे भाग आहे. समोर बोलवत नसेल तर एड्स मदतवाहिनीचा १०९७ हा विनाशुल्क क्रमांक आहे.

लहान मुलाच्या पापण्यांवर या उवा सापडणे ही या विषयातली सर्वांत जपून हाताळायची गोष्ट. लैंगिक अत्याचाराची ती खूण असू शकते आणि डॉक्टरने ती शक्यता मनात धरून मुलाशी वेगळे, शांतपणे बोललेच पाहिजे. तसा संशय आल्यास कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. पण बापाच्या छातीवर किंवा आईच्या कुशीत झोपणाऱ्या बाळालाही त्या निव्वळ जवळिकीने होऊ शकतात. म्हणून पहिले काम घरातल्या सगळ्यांना तपासण्याचे. इथे लाजेने गप्प बसणे आणि घाईने बोट दाखवणे, दोन्हींचा भार मुलावरच पडतो. पापण्यांवर पर्मेथ्रिन लावायचे नसते. उवा आणि लिखा डॉक्टर बारीक चिमट्याने काढतात आणि डोळ्यांसाठीचे पेट्रोलियम जेलीचे मलम दिवसातून दोन ते चार वेळा पापण्यांच्या कडांना लावायला देतात, त्याने उवेचा श्वास कोंडतो. हे आठ ते दहा दिवस चालू ठेवायचे. तिसऱ्या दिवशी पापण्या स्वच्छ दिसू लागल्या तरी थांबायचे नाही, कारण लिखा फुटायच्या अजून बाकी असतात.