सामुदायिक निधीतून होणारा प्रसार आणि उत्तरदायित्व : हाइव्ह जालाच्या संदर्भात

१. प्रश्नाचे स्वरूप

सार्वजनिक पैसा ज्याच्या हाती सोपविला जातो त्याने त्या पैशाबद्दल उत्तर दिले पाहिजे, हे तत्त्व जुने आहे. परंतु जेथे निधीला नोंदलेला मालक नाही, कायद्याने नेमलेला विश्वस्त नाही, आणि तरीही प्रत्येक देवघेव कोणासही पाहता येईल अशा वहीत लिहिली जाते, तेथे ह्या तत्त्वाचे काय होते, हा प्रश्न नवा आहे. ब्लॉकचेनवर उभारलेल्या सामाजिक जालांमध्ये तो प्रत्यक्षात उद्भवला आहे. त्यांतही समुदायाच्या निधीतून त्या जालाची जाहिरात व प्रसार करण्याचे जे काम चालते, त्याच्या बाबतीत तो विशेष तीव्र होतो.

ह्या वहीच्या प्रशंसकांचे म्हणणे असे, की सर्व नोंदी खुल्या असल्यामुळे वेगळ्या उत्तरदायित्वाची आवश्यकताच उरत नाही. हे म्हणणे एका शब्दगत गोंधळावर आधारलेले आहे. मराठीत ‘हिशोब’ आणि ‘जाब’ हे दोन शब्द भिन्न आहेत आणि त्यांमागील कल्पनाही भिन्न आहेत. हिशोब एकट्यालाही ठेवता येतो. जाब मात्र कोणीतरी कोणालातरी विचारावा लागतो. इंग्रजीतील ‘अकाउंट’ ह्या एकाच शब्दात रकमेची मोजणी आणि वर्तनाचे निवेदन हे दोन्ही अर्थ सामावलेले असल्याने तेथे हा भेद सहज नजरेआड होतो. खुली वही हिशोब पुरविते. जाब पुरवीत नाही. हाइव्ह ह्या जालाच्या उदाहरणाने हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२. निधीचा उगम

हाइव्हचे पूर्वरूप ‘स्टीम’ हे जाल मार्च २०१६ मध्ये सुरू झाले. तेथे लेखन करणाऱ्यास व चांगले लेखन निवडणाऱ्यास नव्याने निर्माण होणाऱ्या टोकनांतून मोबदला मिळे. आरंभीच्या काळात जालाच्या संस्थापक कंपनीने टोकनांचा फार मोठा साठा स्वतःकडे घेतला होता. हा साठा जालाच्या विकासासाठी व नवे सदस्य आणण्यासाठी वापरला जाईल, असे कंपनीच्या वतीने वेळोवेळी जाहीरपणे सांगितले गेले. त्या सांगण्याला करारनाम्याचे स्वरूप मात्र नव्हते.

फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन ह्या जालाचे संस्थापक जस्टिन सन ह्यांनी ती कंपनी घेतली. पूर्वीची आश्वासने नव्या मालकावर बंधनकारक आहेत की नाहीत, हा वाद तत्काळ उभा राहिला. जालाचे संचालन करणाऱ्या निवडून आलेल्या ‘साक्षीं’नी त्याच महिन्यात त्या साठ्याचा वापर तात्पुरता गोठविला. मार्चच्या आरंभी काही विनिमय-केंद्रांकडे ठेवलेल्या ग्राहकांच्या टोकनांचे मत वापरून ह्या साक्षींना पदच्युत करण्यात आले. अखेरीस २० मार्च २०२० रोजी समुदायाचा मोठा भाग वेगळा झाला व ‘हाइव्ह’ अस्तित्वात आले. जुन्या खात्यांतील शिल्लक नव्या जालावर तशीच उतरविण्यात आली. वादग्रस्त साठ्याइतकी रक्कम मात्र कंपनीस न देता सामुदायिक निधीत जमा केली गेली.

ह्या इतिहासाचे महत्त्व केवळ पार्श्वभूमीपुरते नाही. जे. एल. ऑस्टिन ह्यांनी १९५५ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत, जी १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, असे दाखवून दिले की ‘मी वचन देतो’ ह्यासारखी वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ती स्वतःच एक कृती असतात. आणि अशी कृती सिद्ध होण्यास विशिष्ट परिस्थिती व मान्य रूढी लागते. स्टीमच्या संस्थापकांची विधाने वचने होती की केवळ इराद्याची निवेदने, हे ठरविणारी रूढीच त्या समुदायात नव्हती. म्हणजे आजच्या निधीचा मोठा भाग मुळात ज्याचा जाब विचारता आला नाही अशा एका आश्वासनातून आलेला आहे. त्या निधीतून होणाऱ्या खर्चाला तरी जाब असावा, ही अपेक्षा म्हणूनच अवाजवी ठरत नाही.

३. निधीची यंत्रणा

प्रस्तावांद्वारे निधी वाटण्याची पद्धत स्टीमवर ऑगस्ट २०१९ मध्ये आली व हाइव्हने ती ‘डिसेंट्रलाइज्ड हाइव्ह फंड’, म्हणजेच विकेंद्रित हाइव्ह निधी, ह्या नावाने पुढे चालविली. तिची रचना थोडक्यात अशी आहे. दरवर्षी निर्माण होणाऱ्या नव्या टोकनांपैकी दहा टक्के ह्या निधीत जातात. निधीतून प्रत्यक्ष देणे दिले जाते ते ‘हाइव्ह बॅक्ड डॉलर’ ह्या चलनात. त्याचे मूल्य अमेरिकन डॉलरच्या आसपास राहावे अशी योजना आहे. निधीत साठलेली हाइव्ह टोकने दररोज ०.०५ टक्के ह्या मंद गतीने त्या चलनात रूपांतरित होतात, आणि निधीतील ह्या चलनाच्या एक टक्क्याहून अधिक रक्कम एका दिवसात वाटता येत नाही.

ज्याला निधी हवा असेल त्याने शुल्क भरून प्रस्ताव मांडावा, त्यात दररोजची रक्कम, आरंभाची व समाप्तीची तारीख द्यावी, आणि कामाचे विवरण करणारा लेख जोडावा. सदस्यांनी गुंतवून ठेवलेल्या टोकनांच्या प्रमाणात त्यांच्या मताचे वजन ठरते. प्रस्तावांत एक ‘परतीचा प्रस्ताव’ही असतो, त्याला मिळालेली रक्कम निधीतच परत येते. ज्या प्रस्तावाला परतीच्या प्रस्तावाहून अधिक मते मिळतात त्यालाच पैसे मिळतात. मत कोणत्याही क्षणी काढून घेता येते आणि पुरेशी मते निघून गेली की देणे आपोआप थांबते.

ही रचना कुशल आहे, हे मान्य केले पाहिजे. एकरकमी अनुदान देऊन मग वर्षाअखेर अहवालाची वाट पाहण्यापेक्षा, दररोज थोडे देणे व केव्हाही थांबविता येणे हे निश्चितच सावध धोरण होय. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. निधीत येणारी वार्षिक भर नव्या टोकनांतून येत असल्यामुळे तिचा भार प्रत्येक टोकनधारकावर, त्याने मत दिले असो वा नसो, मूल्यऱ्हासाच्या रूपाने पडतो. हे एक प्रकारचे अप्रत्यक्ष करदानच आहे.

४. वही जेथे संपते

प्रस्तावकाच्या खात्यावर रोज किती रक्कम आली, ती त्याने पुढे कोणत्या खात्यास पाठविली, हे सर्व वहीत दिसते. तथापि ती रक्कम विनिमय-केंद्राकडे जाऊन डॉलर, युरो वा रुपये झाली की वहीचा मार्ग तेथेच खुंटतो. त्यापुढे छापखान्याला, कार्यक्रमाच्या आयोजकाला वा जाहिरात-संस्थेला काय दिले, ह्याविषयी वाचकाजवळ प्रस्तावकाचे निवेदन आणि त्याने जोडलेल्या पावत्या एवढेच असते.

संगणक-प्रणाली लिहिण्याच्या प्रस्तावांत ही अडचण तितकीशी भासत नाही. लिहिलेली प्रणाली खुली असते; जाणकारास ती तपासता येते, चालवून पाहता येते. प्रसाराचे तसे नाही. त्याचे फलित लोकांच्या मनात व वर्तनात असते. नवी खाती वाढली, तर ती जाहिरातीमुळे वाढली की बाजारभाव चढल्यामुळे, हे वेगळे काढणे कठीण असते. टोकनांचा भाव चढता असताना प्रत्येक मोहीम यशस्वी दिसते आणि उतरता असताना प्रत्येक मोहीम व्यर्थ वाटते.

हाइव्हवर ‘व्हॅल्यूप्लॅन’ नावाचा एक छत्र-प्रस्ताव ह्या कामासाठी चालविला गेला आहे. त्याच्या खात्यातून निरनिराळ्या देशांतील लहानमोठ्या उपक्रमांस पैसे दिले गेले. मोटार-शर्यतीतील गाडीवर हाइव्हचे चिन्ह लावणे आणि घाना देशात कूपनलिका खोदणे इतके भिन्न उपक्रम त्यांत आढळतात. अशा छत्र-प्रस्तावाची सोय उघड आहे : लहान उपक्रमाला स्वतंत्र प्रस्ताव मांडून बड्या मतदारांची मनधरणी करावी लागत नाही. त्याबरोबर एक परिणामही होतो. सदस्य मत देतो ते छत्राला. प्रत्यक्ष उपक्रम निवडतात ते छत्र चालविणारे. मत आणि खर्च ह्यांच्यामध्ये अशा रीतीने एक पायरी वाढते, आणि जाब नेमका कोणास विचारावा हे अस्पष्ट होते.

हा प्रश्न एकट्या हाइव्हचा नाही. पोल्काडॉट हे सामाजिक जाल नसले तरी तेथेही सामुदायिक कोश आहे. २०२४ च्या पहिल्या सहामाहीत त्या कोशातून सुमारे ८.७ कोटी डॉलर खर्च झाले व त्यांपैकी सुमारे ३.७ कोटी डॉलर प्रसारावर होते. हे आकडे त्या समुदायाच्याच अहवालातून बाहेर आले आणि त्यांवर मोठा वाद झाला. वाद आकड्यांच्या खरेपणाविषयी नव्हता. एवढ्या खर्चातून मिळाले काय, हा त्याचा विषय होता. हिशोब पूर्ण असूनही जाब शिल्लक राहतो, ह्याचे हे बोलके उदाहरण होय.

५. अहवालाची भाषा

वही जेथे संपते तेथून पुढे उत्तरदायित्वाचा सगळा भार एका लेखनप्रकारावर, म्हणजे अहवालावर, येऊन पडतो. म्हणून अहवालाची वाक्यरचना हा येथे गौण विषय नव्हे. हाइव्हवरील असे लेखन प्रायः इंग्रजीत असते. पुढील मराठी वाक्ये केवळ स्पष्टीकरणासाठी रचलेली आहेत.

(अ) प्रायोजनासाठी रक्कम खर्च करण्यात आली.
(आ) अमुक खातेधारकाने अमुक तारखेस अमुक आयोजकास इतकी रक्कम दिली. पावती सोबत आहे.
(इ) जालाची पोहोच वाढली.
(ई) कार्यक्रमस्थळी इतक्या जणांनी खाती उघडली. त्यांपैकी इतके जण तीन महिन्यांनंतरही लिहीत होते.

(अ) हे कार्यालयीन मराठीत अतिपरिचित वाक्य आहे. ‘-ण्यात येणे’ ह्या रचनेत कर्ता सांगण्याची आवश्यकताच राहत नाही. मराठीच्या नेहमीच्या कर्मणी प्रयोगाशी ह्याची तुलना करावी. ‘समितीने रक्कम खर्च केली’ ह्या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, तथापि कर्ता तृतीयेत उभा असतो. म्हणजे दोष कर्मणीचा नाही, कर्तृलोपाचा आहे. (इ) मध्ये तर अकर्मक क्रियापदामुळे कर्त्याला जागाच उरत नाही. पोहोच जणू आपण होऊन वाढते. त्यातच ‘पोहोच’ ह्या नामाचे माप वाक्यात कोठेही सांगितलेले नाही. (आ) आणि (ई) ह्या वाक्यांचा गुण एवढाच, की ती खोटी असल्यास खोटी ठरविता येतात. अहवालातील वाक्याची हीच कसोटी मानावी : ते चूक असेल तर कोणी, कशाच्या आधारे ते चूक ठरवू शकेल?

प्रस्ताव आणि अहवाल ह्यांचा परस्परसंबंधही पाहिला पाहिजे. प्रस्ताव भविष्यकाळात बोलतो, अहवाल भूतकाळात. उत्तरदायित्व निर्माण होते ते ह्या दोन काळांतील वाक्ये एकास एक जुळतात तेव्हा. ‘नवे सदस्य आणू’ असे प्रस्तावात म्हणून अहवालात ‘अनेकांनी चिन्ह पाहिले’ असे सांगितले, तर दोन्ही वाक्ये खरी असूनही उत्तर दिले गेलेले नसते.

६. आक्षेप आणि मर्यादा

ह्यावर एक सबळ आक्षेप आहे. हे उपक्रम पुष्कळदा लहान असतात, थोड्या पैशांत चालतात, आणि जेथे रोखीचा व्यवहार व तोंडी करार हीच रीत आहे अशा ठिकाणी घडतात. त्यांच्याकडून लेखापरीक्षकाला शोभेल असा अहवाल मागितला, तर अहवाल लिहिण्यात निपुण असलेल्यांनाच निधी मिळेल आणि काम करण्यात निपुण असलेले बाहेर राहतील. शिवाय इंग्रजी सफाईने लिहिता न येणाऱ्याचा प्रामाणिक अहवाल संशयास्पद वाटू लागेल. हा धोका खरा आहे. म्हणून अहवालाची अपेक्षा रकमेच्या प्रमाणात असावी, आणि ती शैलीविषयी नसून आशयाविषयी असावी. मोडक्या भाषेत लिहिलेले (ई) प्रकारचे वाक्य सुबक भाषेतील (इ) पेक्षा अधिक उत्तरदायी असते.

दुसरी अडचण जाब विचारणाऱ्याची आहे. मताचे वजन टोकनांवर अवलंबून असल्याने देणे थांबविण्याचे सामर्थ्य थोड्या बड्या खात्यांकडे एकवटते. सामान्य सदस्य प्रश्न विचारू शकतो, पण उत्तर न मिळाल्यास तो फारसे काही करू शकत नाही. २०२१ च्या मध्यापासून अशी तरतूद आहे, की वर्षभर ज्याने संचालनविषयक मत दिलेले वा बदललेले नाही त्याची मते रद्द होतात. विस्मृतीत गेलेल्या मतांवर प्रस्ताव चालू राहू नये, असा तिचा एक परिणाम आहे. परंतु यंत्रणेचे नियम मत देण्यास उद्युक्त करू शकतात, वाचण्यास नव्हे.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, फलित कशाने मोजावयाचे हे प्रस्तावातच, पैसे मिळण्यापूर्वी, लिहिलेले असावे. मागाहून निवडलेले माप हे माप नव्हे. दुसरी, खर्च करणारा आणि तपासणारा एकच नसावा. छत्र-प्रस्तावात तर उपक्रम निवडणाऱ्याचे, पैसे घेणाऱ्याचे व पडताळणी करणाऱ्याचे खाते प्रत्येक उपक्रमागणिक वेगळे नमूद व्हावे. तिसरी, अपयशाचा अहवाल देणाऱ्यास केवळ त्या कारणावरून पुढील निधी नाकारला जाऊ नये. तसे झाल्यास कोणीही अपयश लिहिणार नाही, आणि मग सर्वच अहवाल (इ) प्रकारचे होतील.

ह्यांपैकी एकही गोष्ट प्रणालीच्या नियमांत बदल करून साधणारी नाही. देणे केव्हाही थांबविण्याची सोय हाइव्हच्या रचनेत आरंभापासून आहे. ती वापरावी की नाही हे ठरविण्यासाठी मतदाराजवळ तपासता येतील अशी वाक्ये असली पाहिजेत, आणि अशी वाक्ये मागण्याची सवय समुदायाने लावून घेतली पाहिजे.