मनाचं पीकपाणी (लेखांक ७) : सीतादही भाव ठरण्याआधीच होते

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं की काळजी माणसाची विचारशक्ती खाऊन टाकते. तामिळनाडूतल्या ऊस उत्पादकांची बुद्धीची चाचणी दोनदा घेतली गेली, एकदा तोडणीआधी हात रिकामा असताना आणि पुन्हा पैसे हातात आल्यावर. माणसं तीच होती, पण आधीचे गुण कमी आले आणि नंतरचे जास्त. २०१३ साली हा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यापुढचा प्रश्न अकोल्यातल्या माणसाला लगेच सुचतो : पैसे हातात येण्याचा दिवसच लांबत गेला, तर काय करायचं? कापूस आणि सोयाबीन इथं बव्हंशी पावसाच्या भरवशावर पिकतं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर जमिनीखालचं पाणीच खारट, त्यामुळे शेकडो गावांत बोअर मारूनही ना पिण्याचा प्रश्न सुटतो, ना ओलिताचा. उन्हाळ्याचं सांगायचं तर मे २०२४ मध्ये उष्म्यामुळे अकोल्यात जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावं लागलं होतं. अशा मुलखात ‘आनंदी राहा’ असा सल्ला कुणी दिला, तर ऐकणाऱ्याला राग येणं स्वाभाविक आहे. तरीही या लेखात मी आनंदाचीच बाजू मांडणार आहे. माझं म्हणणं असं की लहानसहान आनंद हे संकट टळल्यावर मिळणारं बक्षीस नाही. संकट चालू असताना, वेळ ठरवून, जमलं तर चार माणसांसोबत करायची ती गोष्ट आहे.

आपला रोजचा हिशेब याच्या बरोबर उलटा असतो. माल घरात येऊ दे, कर्ज फिटू दे, पोरीचं लग्न होऊन जाऊ दे, मग बघू. या हिशेबात सुख आणि दुःख पाळीपाळीनं येतात असं गृहीत धरलेलं आहे. मानसशास्त्रातही बराच काळ हीच समजूत होती. सुझन फोकमन या अमेरिकन संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एड्सच्या रुग्णांची घरी शुश्रूषा करणाऱ्या त्यांच्या जोडीदारांचा दीर्घ अभ्यास केला. तेव्हा त्या आजारावर परिणामकारक औषध नव्हतं आणि शेवट काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलाखतींत फक्त ताणाचे प्रसंग विचारले जात. थोड्याच दिवसांत शुश्रूषा करणारेच म्हणू लागले की तुम्ही आमचं अर्धंच ऐकता आहात, आमचा दिवस कशाच्या आधारानं निभतो तेही विचारा. मग तो प्रश्न प्रत्येक मुलाखतीत घातला गेला आणि जवळजवळ प्रत्येकानं काही ना काही सांगितलं. रुग्णासाठी रांधलेलं एखादं जेवण, मित्राचा आलेला फोन, खिडकीबाहेर फुललेलं झाड. जोडीदार गेल्यानंतरच्या आठवड्यांतही अशा गोष्टी सांगितल्या गेल्या. दुःख तसूभरही कमी नव्हतं, तरी त्याच दिवसांत आनंदाचे क्षणही होते, आणि त्यांतले बरेचसे त्या माणसांनी मुद्दाम घडवून आणलेले होते. मला या अभ्यासातला ‘मुद्दाम’ हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो.

खचलेलं मन नेमकं इथंच अडतं. ‘बरं वाटलं की करीन’ म्हणून माणूस पारावर जाणं सोडतो, भजनाला जात नाही, बैलाच्या पाठीवर हात फिरवायचंही त्याच्या लक्षात येत नाही. आणि काहीच न केल्यामुळे बरं वाटण्याची कारणं आणखी कमी होतात. मानसशास्त्रज्ञ पीटर लुइन्सन यांनी १९७० च्या दशकात हे चक्र नीट मांडून दाखवलं. चक्र तोडायचं तर सुरुवात कृतीपासून करायची, मनःस्थिती मागाहून येते. या तत्त्वावरच्या उपचाराची आपल्याला सर्वांत जवळची कसोटी गोव्यात लागली. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या तीव्र नैराश्याच्या सुमारे ५०० रुग्णांवर हा प्रयोग झाला. समुपदेशक डॉक्टर नव्हते. मानसोपचाराची कुठलीही पदवी नसलेली, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. सहा ते आठ बैठका होत. रुग्ण दिवसभर काय करतो, त्यांतल्या कशानं मन थोडं हलकं होतं, आधी काय आवडायचं, हे विचारायचं. त्यांतलं एखादं लहान काम निवडायचं, वार आणि वेळ ठरवायची, आणि पुढच्या बैठकीत ते झालं की नाही ते पाहायचं. तीन महिन्यांनी हे उपचार घेतलेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषधाची गोळी जशी वेळेवर घ्यायची, तसा आवडीच्या कामाचा अर्धा तासही वेळेवर घ्यायचा, एवढीच त्यातली युक्ती.

वार आणि वेळ ठरवून, मनाची वाट न पाहता आनंद करायचा, ही रीत वऱ्हाडाला नवी नाही. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागरीपर्यंत महिनाभर राहते. हे दिवस शेतात सर्वांत धाकधुकीचे. सोयाबीन काढणीला आलेलं असतं, परतीचा पाऊस शेंगा काळ्या करतो की काय याची भीती असते, कपाशीवर बोंडअळी दिसू लागलेली असते. पण संध्याकाळ झाली की पोरी घरोघर जातात, मातीच्या भुलाबाई-भुलोजीसमोर टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत ओळखायला बसतात. घरची बाई झाकलेला डबा पुढे धरून उभी असते. गोड की तिखट, कोरडं की ओलं, असे प्रश्न सुटतात, डबा कानाशी नेऊन हलवला जातो, चुकीच्या उत्तरांवर हशा पिकतो. झाकण उघडल्यावर आत मुरमुरे-फुटाणे निघोत की काकडीची कोशिंबीर, खरी मजा ओळखण्यात होऊन गेलेली असते. महिनाभर रोज, ठरल्या वेळी, दहा-पंधरा जणींनी मिळून, जवळजवळ फुकट. गोव्यातल्या समुपदेशकाला याहून चांगलं वेळापत्रक आखता आलं नसतं.

सीतादहीचंही तसंच. कापसाची पहिली वेचणी सुरू करताना शेतात पूजा होते, दहीभाताचा नैवेद्य दाखवला जातो आणि मग झोळी कमरेला बांधली जाते. हे होतं तेव्हा एकरी किती उतरेल ते माहीत नसतं, व्यापारी काय भाव देईल तेही माहीत नसतं. हंगाम साधल्याचा हा समारंभ असता, तर तो चुकारा हातात पडल्यावर झाला असता. अकोल्याची कावड हेही एक उदाहरण आहे. श्रावणात गांधीग्रामच्या पूर्णेचं पाणी अनवाणी अठरा-एक किलोमीटर चालत आणून राजराजेश्वराला घालण्याची प्रथा १९४४ च्या दुष्काळात सुरू झाली, असं सांगतात. शहराचा सगळ्यांत मोठा उत्सव भरभराटीच्या नव्हे, टंचाईच्या वर्षी सुरू झाला हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पाऊस त्यामुळे पडला की नाही हा श्रद्धेचा भाग झाला. पण पाऊस नसलेल्या दिवसांत तरुणांनी घरात कपाळाला हात लावून बसण्याऐवजी एकत्र चालायचं ठरवलं, याचं मोल मी श्रद्धेच्या बाहेर उभं राहूनही मानतो.

यावर पहिला आक्षेप जोरदार आहे, आणि तो घेणाऱ्यांचा राग मला रास्त वाटतो. कापसाला भाव द्या, ओलिताची सोय करा, कर्ज वेळेवर द्या. ते सोडून लोकांना मुरमुऱ्यांत आनंद शोधायला सांगणं म्हणजे व्यवस्थेचा गुन्हा मनाच्या माथी मारणं. २००६ साली पंतप्रधान विदर्भात आले आणि अकोला-अमरावतीसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यानंतरही आत्महत्या थांबल्या नाहीत. मग मन रमवण्याचे धडे कुणाच्या सोयीचे? हा आक्षेप अर्धा मी पूर्णपणे मान्य करतो. लहान आनंदानं कर्ज फिटत नाही, आणि जो सरकारी अधिकारी किंवा पुढारी तसं भासवेल त्याला गावानं तोंडावर विचारावं. पण आक्षेपाचा उरलेला अर्धा भाग असं धरून चालतो की दुःखात बुडालेला माणूस जास्त लढतो. अनुभव उलटा आहे. खचलेला माणूस पीकविम्याची तक्रार ठरलेल्या मुदतीत नोंदवत नाही, बँकेत जायचं टाळतो, सभेला येत नाही. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज, दोघेही अमरावती जिल्ह्यातले. या दोघांनी भजन-कीर्तनाचं सुख आणि गावसुधारणा वेगळी काढली नव्हती. गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांना हसवत हसवत सावकारी, पशुबळी आणि अस्पृश्यतेवर प्रश्न विचारत. हसलेलं गाव दुसऱ्या दिवशी झोपून राहिलं नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. आधीच कर्ज, त्यात सणवार कशाला? इथं लहान आणि मोठा आनंद यांत फरक करायला हवा. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातल्या अत्यंत गरीब कुटुंबांचे हिशेब पाहिले. त्यात वर्षाच्या खर्चाचा साधारण दहावा भाग लग्न, मर्तिक आणि सणांवर गेलेला दिसला. हा पैसा मूर्खपणानं जात नाही, रुक्ष आयुष्यात माणसाला काहीतरी हवंच असतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. पण मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवलं की माणूस किती सुखी आहे हे आनंद किती मोठा होता यावर फारसं ठरत नाही, तो किती वेळा येतो यावर ठरतं. लग्नातला डीजे एका रात्रीत संपतो, त्याचे हप्ते चार वर्षं चालतात. शेतात रोडग्यांचा बेत केला तर कणिक घरची, वांगी घरची, आर गोवऱ्यांचा. राख झटकून फोडलेला रोडगा तुपात कुस्करताना जो वेळ जातो, त्याचं व्याज कुणी लावत नाही. गाडगेबाबाही सांगत ते हेच : कर्ज काढून सण करू नका. सण करूच नका, असं ते म्हणाले नाहीत.

खर्चाहून गंभीर हरकत बायकांची आहे, आणि ती फारशी कुणी ऐकत नाही. घरातल्या चौघांचा आनंद बहुतेक वेळा पाचवीच्या कामातून निघतो. पोळ्याला पुरणपोळी खाणारे निवांत असतात, वाटणारी आणि लाटणारी पहाटेपासून उभी असते. ज्या आनंदासाठी घरातलं एक माणूस दमून जातं, तो माझ्या व्याख्येत बसत नाही. भुलाबाई टिकवण्यासारखी आहे ती यासाठीही की तिथं गाणाऱ्या, खेळणाऱ्या, हसणाऱ्या पोरी आणि बायाच असतात. आणि रोडग्यांच्या पंगतीला पुष्कळ गावांत पुरुष स्वतः आराजवळ बसतात, ती चाल घरातल्या चुलीपर्यंत यायला काहीच हरकत नाही.

आता मर्यादा. याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम झाला. गावातल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नैराश्याबद्दल बोलणं सुरू केलं, गरजेप्रमाणे समुपदेशन केलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं. आधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्केच लोक मदत घेत होते, ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचं सांगणारे ५.२ टक्के होते, ते २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी दुसरी गावं घेतलेली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय कार्यक्रमाला देता येत नाही. तरी एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते : या गावांत उपचारांची गरज असलेली माणसं होती आणि कुणी येऊन विचारल्यावर ती बोलली. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर हा आजार आहे. तिथं भुलाबाई किंवा रोडगे पुरे पडणार नाहीत, आणि ‘मन रमव जरा’ असं सांगणं त्या माणसाला आणखी एकटं पाडेल. अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयात दाखवावं. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

बाकीच्या सगळ्यांना माझी विनंती आहे. या आठवड्याचा एक वार आणि एक वेळ आजच ठरवा, आणि तेव्हा काय करायचं ते कुणाला तरी सांगून ठेवा. आणि ज्या घराचं दार काही दिवसांपासून बंद दिसतंय, तिथल्या माणसाला सोबत घ्या. पुढच्या लेखांकात झोपेचा विषय घेऊ.