सोर्सला हात न लावता

संगणकावरचा कुठलाही प्रोग्रॅम आधी साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेला असतो. त्या जिथे असतात ती सोर्स डिरेक्टरी. कंपायलर त्यांच्यावरून यंत्राला कळणारा कोड बनवतो (यालाच बिल्ड करणं म्हणतात) आणि वाटेत मधल्या फाइलींचा ढीग तयार होतो. हा ढीग ठेवायचा कुठे? कुठेही, पण सोर्समध्ये नाही, असं माझं ठाम मत आहे.

स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली बेल लॅब्जमध्ये ‘मेक’ लिहिलं. कुठली फाइल नंतर बदलली हे तारीख-वेळेवरून ओळखायचं आणि तेवढंच पुन्हा कंपाइल करायचं, ही त्याची युक्ती. पण एकच सोर्स दोन जातींच्या यंत्रांसाठी वापरला की हीच युक्ती अंगाशी येते. पहिल्या यंत्रासाठी बनलेली ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे अशीच एक मधली फाइल, सोर्सशेजारी पडलेली असते, तिची वेळ ताजी असते, म्हणून मेक तिला हात लावत नाही. आणि दुसऱ्या यंत्राला ती निरुपयोगी.

डेव्हिड मॅकेन्झी यांनी 1991 साली सुरू केलेल्या ऑटोकॉन्फ या ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट बनवणाऱ्या साधनाने यावर सरळ वाट काढून दिली. वेगळं, रिकामं फोल्डर करायचं, त्यात जायचं आणि तिथूनच सोर्समधली ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट चालवायची. सोर्स कुठे आहे हे ती स्वतःच्या पत्त्यावरून ओळखते आणि ‘एसआरसीडिर’ या नावाखाली मेकफाइलमध्ये, म्हणजे मेकसाठीच्या सूचनांच्या फाइलीत, नोंदवते. मेकफाइल लिहिणाऱ्याने एखाद्या ठिकाणी हे नाव गाळलं, तरी सोर्समध्येच बिल्ड करणाऱ्याला ते कळत नाही. वेगळ्या फोल्डरातून बिल्ड केलं की ‘फाइल सापडत नाही’ म्हणून गाडी अडते.

ही चूक पकडायला मेकफाइल बनवून देणाऱ्या ऑटोमेकमध्ये ‘डिस्टचेक’ ही चाचणी आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. वाटपासाठी बांधलेला टारबॉल, म्हणजे सोर्सचा गठ्ठा, ती उलगडते, सोर्सवरची लिहिण्याची परवानगी काढून घेते, वेगळ्या डिरेक्टरीत बिल्ड करते, चाचण्या चालवते, इन्स्टॉल करून पुन्हा अनइन्स्टॉलही करते. एखादी पायरी गुपचूप सोर्समध्ये लिहू पाहत असेल, तर ती इथे उघडी पडते. पॅकेज बाहेर सोडण्याआधी ही चाचणी टाळणं मला पटत नाही.

जीसीसी कंपायलरच्या सूचनाही याच बाजूच्या आहेत: बिल्ड सोर्सच्या बाहेर करा, सोर्समध्येच केलंत तर चालायला हवं, पण त्याची फारशी चाचणी होत नाही, आणि सोर्सच्या पोटातल्या फोल्डरात करणं तर समर्थितच नाही. लिनक्स कर्नल वेगळ्या डिरेक्टरीत बांधायला गेलं आणि सोर्समध्ये जुन्या बिल्डचे अवशेष असले, की आधी साफसफाई करा म्हणून ते थांबतं. सीमेक या बिल्डच्या साधनाची खोड वेगळी. चुकून सोर्समध्ये एकदा कॉन्फिगर झालं की तिथे ‘सीमेककॅश’ फाइल उरते. नंतर नव्या फोल्डरातून नुसता सोर्सचा पत्ता दिला, तर सीमेक त्या सोर्सलाच जुनं बिल्ड फोल्डर समजतं आणि पुन्हा तिथेच कामाला लागतं. म्हणून 2018 च्या 3.13 आवृत्तीपासून मिळालेले एस आणि बी हे दोन पर्याय वापरावेत: सोर्स कुठे आणि बिल्ड कुठे, दोन्ही स्पष्ट सांगावं.

एवढं करूनही एक गळती राहते. सी भाषेतला ‘फाइल’ मॅक्रो आणि डीबगची माहिती यांतून सोर्सचा पूर्ण पत्ता तयार प्रोग्रॅममध्ये जाऊन बसू शकतो. मग तोच सोर्स, तोच कंपायलर, पण फोल्डरचं नाव निराळं, एवढ्यानेच दोन बायनरी, म्हणजे तयार प्रोग्रॅम, जुळत नाहीत. मिळालेलं पॅकेज खरोखर त्याच सोर्समधून आलंय का, हे स्वतः बिल्ड करून ताडून पाहणाऱ्याची वाट तिथे बंद होते. जीसीसीच्या आठव्या आवृत्तीत आलेला ‘फाइल-प्रीफिक्स-मॅप’ हा पर्याय त्या पत्त्याच्या जागी आपण ठरवलेला मजकूर घालतो. तो लावून एकच पॅकेज दोन वेगळ्या फोल्डरांत बांधावं आणि फाइलींतला फरक दाखवणाऱ्या ‘डिफोस्कोप’ने दोन्हींची तुलना करावी; पत्ता अजून कुठे शिल्लक असेल, तर तो फरक म्हणून नेमका दिसतो.