ओळखीच्या शब्दांचा चकवा

परकी भाषा शिकताना अनोळखी शब्दापाशी विद्यार्थी अडतो, कोश उघडतो, कोणाला तरी विचारतो. ओळखीचा वाटणारा शब्द आला की मात्र तो न थांबता पुढे जातो, आणि त्याची फसगत होते ती नेमकी तिथे. मॅक्सिम केस्लर आणि ज्यूल देरोकिन्यी या फ्रेंच अभ्यासकांनी १९२८ मध्ये इंग्रजी-फ्रेंचमधील अशा, दिसायला सारख्या पण अर्थाने वेगळ्या शब्दांवर पुस्तक लिहिले आणि त्यांना ‘फोझामी’, म्हणजे खोटे मित्र, हे नाव दिले. ते पुढे भाषाभ्यासात रूढ झाले.

गोंधळ कधी नुसत्या कानाचाही असतो. अजिंठा-वेरूळ पाहायला येणाऱ्या जपानी प्रवाशांसाठी जपानी शिकणाऱ्या गाईडला ‘ओबासान’ म्हणजे काकू-मावशीच्या वयाची बाई, आणि त्यातला ‘बा’ दुप्पट लांबवला की आजी, हा भेद सांभाळावा लागतो. मराठी लेखनात ऱ्हस्व-दीर्घाचे नियम कडक असले तरी बोलताना ‘दिन’ आणि ‘दीन’ सहसा सारखेच उच्चारले जातात, त्यामुळे केवळ स्वराच्या लांबीवरून अर्थ ओळखण्याची सवय मराठी कानाला फारशी नसते. शुद्धलेखनात गुण गमावलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

छत्रपती संभाजीनगरात अधिक मुरलेला चकवा मात्र अर्थाचा आहे. वली आणि सिराज या कवींचे हे शहर निजामाच्या राज्यात होते, तेथे १९४८ पर्यंत सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती, आणि मराठी, उर्दू व दखनी या भाषा एकाच बाजारपेठेत इतक्या मिसळल्या की दखनीने मराठीच्या ‘नको’चे ‘नक्को’ केले आणि शब्दावर जोर देणारा ‘च’ही उचलला. शेजार इतका जवळचा असला की समोरच्याचा शब्द आपल्याला कळला, असे गृहीत धरले जाते.

‘खाली बसा’ हे मराठी वाक्य नवख्या उर्दूभाषकाला रिकामे बसून राहण्याचा सल्ला वाटू शकते, कारण उर्दूतील ‘खाली’ अरबीतून आला असून त्याचा अर्थ रिकामा, तर मराठी ‘खाली’चे नाते ‘खाल’शी आहे, दोन भिन्न कुळांतील शब्दांचे येथे केवळ रूप जुळले. ‘शिक्षा’ची गोष्ट उलट आहे: संस्कृतातील एकाच शब्दाने हिंदीत शिक्षण हा अर्थ टिकवला आणि मराठीत तो दंडापर्यंत घसरला, ज्यावर शाळकरी मुलांचा आक्षेप असण्याचे कारण नाही.

फारसी-अरबीतून दोन्हीकडे आलेले शब्द सर्वांत फसवे, कारण त्यांचे मूळ एक असल्याने अर्थही एकच असणार, असा भरवसा वाटतो. उर्दूतला ‘हैरान’ माणूस चकित झालेला असतो, मराठीतला ‘हैराण’ त्रासलेला. ‘शिकस्त’ म्हणजे फारसीत मोडणे आणि उर्दूत पराभव. मराठीत मात्र प्रयत्नांची शिकस्त करणारा माणूस जीव तोडून झटत असतो, आणि पराभवाच्या शब्दाने घेतलेले हे वळण मराठीला शोभणारेच म्हणावे लागेल. ‘राजीनामा’ हा तर शब्दशः संमतीचा कागद. उर्दूत तो दोन पक्षांमधील तडजोडीचा लेख झाला. मुंबई इलाख्याच्या जमीन महसुलात मात्र शेतकरी जमिनीवरचा ताबा सोडत असल्याचे जे लिहून देई, त्याला राजीनामा म्हणत, आणि सोडून देण्याचा हाच अर्थ आजच्या मराठीत पद सोडण्यालाही लागू झाला आहे. एखाद्या मंत्र्याने पद सोडले की शहरातली मराठी दैनिके ‘राजीनामा’ छापतात आणि उर्दू दैनिके ‘इस्तीफा’.