साइट वर्ड्स: घोकायचे की ओळखायचे?

इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गातून 'साइट वर्ड्स'ची यादी घरी आली की बहुतेक घरांत घोकंपट्टी सुरू होते. हे शब्द चित्रासारखे डोळ्यांत साठवायचे असतात, असा समज त्यामागे असतो.

खरे तर साइट वर्ड (नजर पडताच वाचता येणारा शब्द) हा सरावाने गाठलेला टप्पा आहे. नव्या गल्लीत पहिल्यांदा पत्ता विचारत जावे लागते. दहाव्या खेपेला पाय आपोआप वळतात, तसेच हे. अमेरिकेतील एडवर्ड डॉल्च यांनी १९३६ मध्ये अशा २२० नेहमीच्या शब्दांची यादी केली. त्यात नामे नव्हती.

'सेड'चेच पाहा. स्पेलिंग एस-ए-आय-डी. पहिले आणि शेवटचे अक्षर इमानाने आपला नेहमीचा उच्चार देतात. खोडी फक्त मधल्या जोडीची. तेवढीच लाल खडूने लिहिली, की अख्खा शब्द पाठ करण्याचे ओझे उरत नाही.

मग खेळ. गच्चीवर ठिकरीचे चौकोन आखून प्रत्येकात एक शब्द लिहावा. ठिकरी पडेल तो शब्द मुलाने मोठ्याने वाचायचा, मग लंगडी घालत दर उडीला त्याचे एकेक अक्षर म्हणायचे. तोल गेला तर हशा, स्पेलिंग चुकले तर पुन्हा तोच चौकोन.

पावसाळ्यात हाउजी बरी. तिकिटावर आकड्यांऐवजी शब्द असतात. पुकारणाऱ्याने शब्द नुसता उच्चारायचा, दाखवायचा नाही. मग मुलाला आवाजावरून अक्षरे शोधावीच लागतात. एका डावाला पाच-सहा नवे शब्द पुरे.