म्हातारपणची कावीळ : वय झालं म्हणून थांबू नका

सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाचे डोळे पिवळे झाले की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "कावीळ आहे, उतरवून आणू." आणि दुसरं, "आता या वयात कशाला कापाकापी?" आज आम्ही या दोन्ही वाक्यांबद्दल बोलणार आहोत.

आधी पोटात काय चालतं ते बघू. पित्त लिव्हरमध्ये तयार होतं, पित्ताशयाच्या पिशवीत साठतं आणि जेवल्यावर एका बारीक नळीतून आतड्यात उतरतं. स्वादुपिंडाचा पाचक रसही बहुतेकांत त्याच तोंडातून आतड्यात येतो. दोन पाटांचं पाणी एकाच मोरीतून जावं, तसं. पिशवीतला खडा घरंगळून त्या तोंडाशी अडकला की पित्त तुंबतं, कावीळ होते. स्वादुपिंडालाही सूज येऊ शकते. वय वाढतं तसं खडे होण्याचं प्रमाणही वाढतं.

दूषित पाण्याची कावीळ बहुतेकदा विश्रांतीने बरी होते. नळी अडकल्याची कावीळ मात्र माळ घालून, नाकात थेंब टाकून किंवा बिनतेलाचं खाऊन सुटत नाही. तिच्या खुणा लक्षात ठेवा : शौचाचा रंग पांढुरका, मातीसारखा; लघवी गडद; अंगाला खाज. कावीळ, पोटात दुखणं आणि थंडी वाजून ताप हे तिन्ही एकत्र आले तर तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले असण्याची दाट शक्यता असते. हे जंतू रक्तात पसरले तर जिवावर बेततं.

पण म्हाताऱ्या माणसात या खुणा लपतात. ताप येतोच असं नाही, दुखणंही थोडकंच असतं. आजी फक्त जेवण सोडतात, पडून राहतात किंवा असंबद्ध बोलतात. आपण म्हणतो, "वयामुळं होतंय." कालपर्यंत नीट बोलणारं माणूस आज गोंधळलं, तर ते वय नव्हे, आजार समजा आणि १०८ला फोन करून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

पोट अजिबात दुखत नाही, पण कावीळ वाढतेय आणि वजन घटतंय, तर स्वादुपिंडात किंवा पित्तनळीत गाठ असू शकते. म्हातारपणी अचानक साखर निघाली आणि अंगही झडायला लागलं, तरी तपासणी करून घ्या. सोनोग्राफी आणि लागलं तर सीटी स्कॅन करतात.

आता वयाचा प्रश्न. नळीतल्या संसर्गाचा जोर ठरवताना डॉक्टर काही गोष्टी मोजतात : सुमारे १०२ किंवा जास्त ताप, बिलिरुबिन ५ किंवा जास्त, रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या किंवा फार घटलेल्या, अल्ब्युमिन कमी, आणि वय ७५ किंवा जास्त. यातल्या दोन गोष्टी जुळल्या तरी नळी लवकर मोकळी करावी लागते. म्हणजे वय जास्त म्हणून थांबायचं नाही, वय जास्त म्हणून घाई करायची.

त्यासाठी दरवेळी पोट उघडावं लागत नाही. तोंडावाटे दुर्बीण घालून खडा काढता येतो किंवा नळीत स्टेंट बसवता येतो. त्यातही धोका असतोच. नंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून हृदय, फुप्फुसं, किडनी आणि रक्त गोठण्याची तपासणी आधी करतात. पण सारख्या वयाची दोन माणसं सारखी नसतात. एक आजी अजून शेतावर जाते, दुसरीला उठायलाही आधार लागतो. ही ताकद कोणत्याही रिपोर्टात पुरती दिसत नाही. ती आपल्याला, रोज जवळ असणाऱ्या बायकांना माहीत असते.

म्हणून डॉक्टरांना हे सांगा :
– महिन्यापूर्वी त्या स्वतः अंघोळ करत होत्या का, किती चालत होत्या?
– बांगड्या, ब्लाउज सैल झालेत का?
– वर्षभरात कितीदा पडल्या? विसरायला लागल्यात का?
– गोळ्या कोणत्या चालू आहेत? सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधी सांगा, आपल्या मनाने बंद करू नका.

आणि डॉक्टरांना विचारा : हे केलं तर धोका काय, नाही केलं तर काय, याहून हलका उपाय आहे का? उत्तर त्या माणसालाही समजावून सांगा. शरीर तिचं आहे, तिचं मत घ्यायलाच हवं.

खर्चाची काळजी असते, म्हणून ७० वर्षांवरच्या माणसांचं आयुष्मान कार्ड आजच काढून ठेवा. योजनेतल्या हॉस्पिटलात कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यावर होतात. तिथल्या आरोग्यमित्राला भेटा.

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्यांची यादी करून आणा. रात्री-अपरात्री निघावं लागलं तर तो कागदच आधी हाताशी लागेल.